तेवीसचा हट्ट

आमच्या परभणीत नवी गाडी बघायला आलेला माणूस पेढा तोंडात टाकतो आणि लगेच विचारतो, "ॲव्हरेज किती देती?" माझी मोठी हायब्रीड गाडी आली तेव्हा कंपनीच्या कागदावरचा आकडा मी कॉलेजभर सांगत सुटलो. लिटरला तेवीस! स्टाफरूममधला एक सहकारी हसला. "सर, ते कागदावर. रस्त्यावर सोळा दिले तरी लय झालं."

मला ते चांगलंच झोंबलं. मी मुळात हट्टी, त्यात खोटं पडायची भारी चीड.

तेव्हा आईला केमोसाठी नांदेडला न्यावं लागे. गाडी तिच्यासाठीच घेतली, असं मीच सांगत असे. एप्रिलमधल्या एका खेपेला निघताना टाकी काठोकाठ भरली आणि ठरवलं, आज तेवीस काढायचेच. एसी लावला की बॅटरी उतरते आणि इंजिन सुरू होतं, म्हणून परतताना एसी बंद. उघड्या काचांतून वारा शिरला की गाडी ओढ खाते, म्हणून काचाही बंद. सहकाऱ्याची जिरवायची कशी, हे मी आईला रस्ताभर ऐकवत होतो.

ताडकळस मागे पडलं तेव्हा तिने पदराने मान पुसत विचारलं, "काच जरा खाली घेऊ का रे?"

"पिंगळीपर्यंत दम धर."

पिंगळी आली आणि गेली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि माझी नजर समोरच्या आकड्यावर होती.

परभणीत पोचलो. किती पेट्रोल जळलं हे कळायला टाकी पुन्हा काठोकाठ भरायची, तर आतली हवा निघावी लागते. त्यासाठी आमच्याकडे पंपावर गाडी हलवतात. मी आणि पंपावरच्या माणसाने ती धरून गदागदा हलवली. आई आतच होती, डोळे मिटून, दारावरची कडी धरून. तिला आधी उतरवावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आजही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते.

किलोमीटरला लिटरने भागलं. सोळा.

"किती निघालं?" आईने विचारलं.

"तेवीस."

तिचा चेहरा खुलला. "बरं झालं, काच न्हाई उघडली."

श्रावणात ती गेली. त्याच्या चार दिवस आधी तो सहकारी भेटायला आला होता. तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं, तरी तिने त्याला हाताने जवळ बोलावलं.

"तेवीस देती," ती म्हणाली. "मी होते ना आत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"व्हय आई," तो म्हणाला, "माझंच चुकलं."