तिसरं सरायच्या आत

माझ्या मुलीचा तिसरा वाढदिवस आम्ही पाचगणीला केला. त्याचे फोटो मी अजून कुणालाही पाठवलेले नाहीत. फोटोत ती पिवळ्या फ्रॉकमध्ये केकसमोर उभी आहे आणि तिच्या डोक्यावर एकही केस नाही.

दोन दिवस आधीपर्यंत होते. मानेवर रुळणारे, कुरळे, कानांमागे कायम गुंता झालेले. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी तिला आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत स्टुलावर बसवायचे आणि तो गुंता सोडवायचे. दहा-बारा मिनिटं लागायची. ती माझ्यावर गेली आहे, चार माणसांत तोंड उघडत नाही. पण माझ्याकडे पाठ करून बसली की बोलायची. प्लेग्रुपमध्ये कुणी कुणाचा डबा सांडला, समोरच्या बिल्डिंगमधला कुत्रा आज का भुंकला नाही, असलं सगळं. मी फक्त कंगवा हळू फिरवायचे आणि ऐकायचे.

माझ्या सासरी मुलींचंही जावळ करतात. जन्माचे केस एकदा पूर्ण उतरवायचे, तेही विषम वर्षात. पहिल्या वर्षी ठरलेल्या दिवशी तिला ताप होता, म्हणून राहिलं. मग तिसरं सरायच्या आत, असं सासूबाई म्हणायच्या. आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, तिला न्हाऊ घालताना म्हणायच्या, एकदा पोस्टमनलाही सांगितलं.

मला ते नको होतं. तिला कुणी नुसतं उचलून घेतलं तरी ती अंग आक्रसून घेते. अनोळखी माणूस डोक्यावर वस्तरा फिरवणार, आणि ती हलू नये म्हणून कुणीतरी धरणार, हे मला डोळ्यासमोर आणवत नव्हतं. पण नको म्हणणं माझ्याच्याने सहज होत नाही. शाळेत मी प्रश्नांची उत्तरं येत असूनही हात वर करायचे नाही. इथे तर सगळं मराठीत बोलायचं, आणि ती माझी माहेरची भाषा नाही. माझी मराठी भांडणाच्या कामाची नाही, ती मध्येच थांबते आणि शब्द शोधते. म्हणून मी ते वाक्य बाथरूममध्ये तीन-चारदा म्हणून पाहिलं आणि एका रविवारी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, मला तिचं जावळ करायचं नाहीये."

"का?"

"ती घाबरेल. आणि मला नको आहे."

त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "बरं," म्हणाल्या.

मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो मॅच बघत होता. "झालं की मग," तो म्हणाला. मलाही वाटलं, झालं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की त्या दिवशी दुपारी मी दोनदा चहा केला.

वाढदिवस मेमध्ये. पाचगणीचं हॉटेल मी निवडलं होतं, तिला पाण्यात खेळता येईल असं. शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी गाडीने निघायचं, वाटेत वाईजवळ कुलदेवीचं दर्शन घ्यायचं आणि दुपारपर्यंत हॉटेलवर पोहोचायचं. रविवारी वाढदिवस. माझं शुक्रवारी ऑफिसमध्ये महत्त्वाचं काम होतं, ते हलवता येईना. म्हणून मी दुपारी स्वारगेटहून एसटीने मागून यायचं ठरलं. सासूबाईच म्हणाल्या, "तू सावकाश ये. आम्ही आहोत ना."

गुरुवारी घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. मेसेज लिहितात तो परिपत्रकासारखा. गाडी किती वाजता, कुणी कुठे बसायचं, थर्मास कुणी भरायचा. मी ऑफिसमध्ये होते. मराठी मी वाचते, पण इंग्रजीसारखी नजर टाकून नाही, ओळीमागून ओळ. चार ओळी वाचल्या, अंगठा टाकला आणि फोन उलटा ठेवला.

तो मेसेज मी नंतर इतक्यांदा वाचला आहे की मला पाठ आहे. अकराव्या ओळीत, थर्मास आणि चार्जर यांच्या मध्ये: "नऊ ते दहा देवीदर्शन, ओटी, जावळ." तीन गोष्टी, मध्ये स्वल्पविराम. जशी काही बटाटे, कांदे, कोथिंबीर.

शुक्रवारी संध्याकाळी मी हॉटेलवर पोहोचले. लॉनवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सगळे चहा घेत होते, आणि त्यांच्यात माझा भाऊ होता. धाकटा, येरवड्याला राहतो, शनिवारीसुद्धा कामावर जातो. तो तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं.

"तू कसा काय?" मी विचारलं.

"ताई, बस ना आधी. दमली असशील."

तेवढ्यात मुलगी पळत आली. तिच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली पांढरी टोपी होती. मला वाटलं, उन्हाची. मी खाली बसले तशी तिने टोपी काढली आणि माझा हात धरून डोक्यावर ठेवला.

"मामाने धरलं," ती म्हणाली.

डोकं थंड होतं आणि खरखरीत. मध्यभागी कुंकवाचं स्वस्तिक, घामाने पसरलेलं. डाव्या कानाच्या वर एक बारीक काप गेला होता, त्यावर हळद लावलेली. मी हात काढला नाही. काढला असता तर त्या हाताने काय केलं असतं, मला माहीत नाही.

जावळाला मामा लागतो. मामाच्या मांडीवर बसवूनच केस उतरवतात. हे मला माहीत होतं, पण ते माझ्या भावाला लागू पडतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता," तो म्हणाला. "मामाशिवाय होत नाही म्हणाल्या. मी पहाटे निघालो."

"आणि मला एक फोन करावासा वाटला नाही?"

"त्या म्हणाल्या, ती कामात आहे, तिची काही हरकत नाही, ग्रुपवर सांगितलंय. मला वाटलं तुला माहीत आहे, ताई."

"रडली का?"

"सगळीच मुलं रडतात."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही."

तो मग म्हणाला, "हाका मारत होती तुला. मी हात धरले होते. हलली असती तर लागलं असतं गं."

त्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले, कारण त्याच्यावर चिडणं सोपं होतं. तो निरोप न घेताच परत गेला. वाढदिवसाला थांबला नाही.

नवऱ्याने मला फोन दाखवला. "हे बघ. गुरुवारी, अकरा चाळीस. तुझाच अंगठा आहे ना?"

"मी तुला सांगितलं होतं, मला नको आहे म्हणून."

"अगं, ते दोन महिन्यांपूर्वी. मला वाटलं तुझं मत बदललं. आईने एवढं सविस्तर लिहिलंय."

त्याला खरंच तसं वाटलं होतं. तो खोटं बोलत नव्हता आणि म्हणूनच त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. ज्याने दिवसभर तिच्या जवळ उभं राहून एकदाही मला फोन लावला नाही, त्याला आता काय समजावणार?

मी केस मागितले. निदान एक बट. सासूबाई म्हणाल्या, "ते ठेवायचे नसतात." कणकेच्या गोळ्यात घालून कृष्णेत सोडले होते.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात आम्ही पाच जण एका टेबलाशी बसलो होतो. मुलगी इडलीचे तुकडे करत होती. मी म्हटलं, "आई, मी नाही म्हटलं होतं."

"हो, म्हटलं होतंस."

"तुम्ही बरं म्हणालात."

"मग काय भांडायचं होतं तुझ्याशी?" त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि नेमक्या वेळी बाहेर काढलं. "केस परत येतात. राहून गेलेलं राहूनच जातं. तू अजून लहान आहेस."

"मी तिची आई आहे."

"तेच म्हणतेय."

सासरे म्हणाले, "इडली गार होतेय सगळ्यांची."

यानंतर मी उठून जायला हवं होतं. बॅग भरून, मुलीला घेऊन, पुण्याची पहिली एसटी. मनात मी ती कितीतरी वेळा पकडली आहे. प्रत्यक्षात मी इडली संपवली. रविवारी औक्षणाचं ताट धरलं, केक कापताना मुलीचा हात धरला, नवरा म्हणाला हसा, तेव्हा हसले. हॉटेलातल्या एका बाईंनी हळूच मला विचारलं, "हिला काही बरं नाही का?" मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "छे छे, जावळ. तिसरं सरायच्या आत केलं एकदाचं." त्यांच्या आवाजात जे समाधान होतं, तेवढं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. फोटोसाठी हसताना मला माझीच किळस आली होती. फोटो न पाठवण्याचं कारण तिचं डोकं नाही, माझं तोंड आहे.

परत आल्यावर सोमवारी सकाळी ती सवयीने स्टुलावर येऊन बसली. मी कंगवा हातात घेतला आणि परत ठेवला. थोड्या वेळाने ती उठली. पुढे काही दिवस मी तिला नुसतंच बसवून पाहिलं, पण नुसतं बसून कोण बोलतं? आता कुत्रा का भुंकला नाही हे मला कळेनासं झालं.

केस आले, अर्थातच. दाट आले, आणि सरळ. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नांमध्ये, सगळीकडे सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवतात. "बघ, कसे आले. तू उगाच घाबरत होतीस." चुकीचं ठरण्यासाठी मी काही म्हटलंच नव्हतं. केस येणार नाहीत असं मी कधी म्हणाले? पण त्या वादात आता तेवढंच उरलं आहे: केस आले की नाही. आले. म्हणजे मी हरले.

मी वर्षभर फारशी बोलले नाही. नवऱ्याला वाटलं, विसरले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लोक नेहमी आपल्या सोयीने लावतात, आणि ती सोय मीच त्यांना आयुष्यभर करून दिली आहे. त्याचाही राग आहे. तो सगळा त्यांच्यावर काढता येत नाही.

या मेमध्ये मुलगी चार वर्षांची झाली. वाढदिवस घरीच केला. चार दिवसांनी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी आम्ही तिघं गावी निघतो. आठ दिवस."

तिसरी कोण, ते सांगायची गरज नव्हती. मुलगी खुर्चीत उड्या मारू लागली होती. तिला आधीच सांगून झालं होतं.

"ती येणार नाही," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे की. तुलाही जरा मोकळीक मिळेल."

"ती येणार नाही."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "का? आता काय उतरवणार आहोत आम्ही तिचं?"

सासरे हसले, नवराही थोडासा. विनोद चांगला होता, हे मलाही मान्य आहे.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "म्हणूनच."

हसू थांबलं. माझं वाक्य या वेळी मध्येच थांबलं नाही. "तुमच्यासोबत ती एकटी कुठे जाणार नाही. मी असेन तरच."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"नाही."

इतका छोटा शब्द मी त्या घरात आधी कधी नुसता वापरला नव्हता. त्याच्या मागेपुढे नेहमी काहीतरी असायचं: तसं नाही, पण बघू, तुम्ही म्हणता ते खरं.

मुलगी रडायला लागली. "मला जायचंय. आजीबरोबर जायचंय."

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "तिलाच विचार."

देवळाच्या आवारात ती मला हाका मारत होती, तेव्हा तिला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. हे मी बोलले नाही. बोलले असते तर मी रडले असते, आणि मग सगळ्यांनी मला समजावलं असतं. मुलगी माझ्या दंडावर बुक्क्या मारत होती. सगळे वाट पाहत होते, मी नरमेन म्हणून. मी नेहमी नरमते. मी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला.

सोमवारी ते दोघंच निघाले. सासूबाई लिफ्टचं दार लागेपर्यंत नातीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. डोळे भरले होते त्यांचे. मला वाईट वाटलं. राग तरीही जागचा हलला नाही, आणि तो हलावा असं मला वाटतही नाही.

मी ऑफिसातून आठ दिवसांची रजा घेतली होती. मुलगी सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी जमिनीवर तिच्याजवळ बसले.

"आज काय करायचंय तुला?"

"आजीकडे जायचंय."

"ते सोडून."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मी खरंच विचारतेय की नाही ते बघावं तसं. मग बराच वेळ विचार करत बसली.