रंगुबाईचा बेलभंडारा

देशी दारूच्या सरकारमान्य दुकानावर पाटी हाय, एकवीस वर्षांखालच्याला दारू मिळणार न्हाई. गांधी जयंतीला शटर खाली. लय कायदेशीर कारभार! पर पिऊन पिऊन जो मरणाला टेकलाय त्याला देऊ नका, असं कुठल्या पाटीवर लिवलंय? सांगा की!

आमच्या शेजारची रंगुबाई हेच इचारत हिंडली. शहाण्णव सालची गोष्ट. तिचा नवरा धुळा म्हसवडच्या बाजारात हमाल. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन माडी चढणारा गडी, पर दारूनं त्याचं पार चिपाड केलं. साताऱ्याच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, "लिव्हर गेलंय. आता प्याला तर वाचायचा नाही."

रंगुबाई आधी पोलीस ठाण्यात गेली. जमादार म्हणाला, "दुकानाला परवाना हाय, तुझा नवरा काय कुक्कुलं बाळ न्हाई. आमी काय करणार?" तवा तिनं आपला कायदा काढला. बेलाचं पान आन् मूठभर भंडारा पदरात बांधला आन् भर बाजारादिवशी दुकानात शिरली. काउंटरवर गुंडा नावाचा इकणारा हुता. त्याच्या म्होरं पदराची गाठ सोडून म्हणाली, "गुंडाभाऊ, ह्यो उचला आन् शपथ घ्या. धुळाला दारू देणार न्हाई म्हणा."

गिऱ्हाइकं खिदळली. गुंडानं मातुर गुमान बेलभंडारा उचलला. मग तिनं धुळाच्या पिणाऱ्या जोडीदारांनाबी गाठून उचलाया लावला. धुळाच्या शपथेचा उपेग न्हवता, त्यानं तसल्या कैक मोडलेल्या. सासू चंद्राबाई तेवढी राहिली. तिला कशाला शपथ? ती तर उठता-बसता दारूला शिव्या घालायची.

गुंडानं शब्द पाळला, खोटं कशाला बोलू? धुळा त्याच्या पाया पडला, रडला, आईबहिणीवरनं शिव्या दिल्या, पर थेंब मिळाला न्हाई.

पर बाई, दारू तुटल्यावर माणसाचं काय हुतं ते आमी बघितलंय. हातपाय लटलटायचे, भिंतीवर मुंग्या दिसायच्या, पोटात पाणी ठरायचं न्हाई. रंगुबाई रोजानं खुरपाया गेली की घरात म्हातारी आन् तिचा ल्योक, दोघंच. एका दुपारी चंद्राबाई काठी टेकत दुकानात गेली. "गुडघ्याला चोळाया दे रं बाळा," म्हणाली. आमच्याकडं चोळत्यातच दारू गुडघ्याला. गुंडानं बाटली दिली. तसल्या थकल्या म्हातारीला कंचा नियम आडवणार?

दिस मावळायला धुळाला रक्ताची उलटी झाली. जीप मिळंस्तवर सगळं आटपलं. रंगुबाईनं कपाळ बडवून घेतलं. साऱ्या गावाला बांधलं आन् घरचंच दार उघडं ऱ्हायलं, म्हणून ऊर फुटंस्तवर रडली. काय करावं असल्या नशिबाला!

तेरावा झाला. शेवटी माझ्यादेखत रंगुबाईनंच इचारलं, "आत्याबाई, तुमी का वो दिली?"

म्हातारी तिच्याकडं बघत म्हणाली, "त्यो माझ्या डोळ्यांम्होरं मराया लागला हुता गं. तू घरी येस्तवर तरी जगावा म्हणून दिली."