मागच्या सीटवरची जागा

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजोबांची स्कूटर अजून पडवीत का उभी आहे, आजीला तर ती चालवता येत नाही. तुमच्या आईनेही मागून म्हटलं, विकून टाक आता. मी विषय बदलला. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. लिहिताना मधे थांबता येतं, म्हणून लिहिते आहे, आणि सवयीप्रमाणे क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा सहा फूट दोन इंच होते. गुरांचे डॉक्टर म्हणून त्यांची बरीचशी नोकरी मोखाडा तालुक्यात झाली, तेव्हा ऑफिसची जीप असायची. निवृत्तीनंतर जीप गेली, पण पाड्यांवरून बोलावणी येतच राहिली. कोणाची गाय अडलेली, कोणाच्या बैलाच्या खुरात जखम. त्यांना मोटरसायकल घ्यायची होती. पण साडी नेसून मला तिच्यावर बसता येईना, आणि बाजाराच्या दिवशी जव्हारहून मोखाड्याला आम्ही दोघांनी जायचं हे आमचं ठरलेलं होतं. म्हणून स्कूटर घेतली. ती माझ्यासाठी घेतली होती, हे लक्षात ठेवा.

स्कूटर लहान होती आणि आजोबा मोठे. घाटात वळण आलं की हँडल त्यांच्या गुडघ्यावर आपटायचं. मग ते दोन्ही गुडघे बाहेर फाकवून चालवायचे. वाटेवरच्या एका पाड्यावर त्यांच्या ओळखीची एक म्हातारी होती, तिच्या शेळ्यांना ते औषध द्यायचे. ती लांबूनच ओरडायची, "डाक्टर, तुमचं गुडघं आधी येतात, मंग गाडी येते."

"मावशी, गुडघ्यांना हॉर्न बसवून घेतो."

"आन् बाईला कुठं बसवाल? गुडघ्यावर?"

ते हसायचे, पण घरी आल्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसायचे. महिनाभर मी ते पाहिलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढली. त्यांना स्कूटरवर बसवून सगळी मापं घेतली. पाय, हात, पाठ, गुडघ्यापासून हँडलपर्यंतचं अंतर. आलेखाच्या कागदावर बाजूने आकृती काढली, इंच लिहिले, आणि तो कागद घेऊन आम्ही जव्हारच्या बाजारातल्या मेकॅनिककडे गेलो.

हा ठेंगणा मेकॅनिक माझा विद्यार्थी. आठवीला माझ्या हातून इंग्रजीत नापास झालेला. पुढे ठाण्याला गॅरेजमध्ये बरीच वर्षं काढून गावी परत आला. कागद पाहून तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर प्रश्नपत्रिकाच काढली. मार्क किती?"

"काम बघून देईन."

"मंग यंदा पण नापास," तो आजोबांना म्हणाला.

काम दोन प्रकारचं होतं. हँडल वर घ्यायचं, म्हणजे वळताना गुडघ्याला लागणार नाही. आणि सीट बदलायची. स्कूटरच्या सीटला मधे एक उंचवटा असतो, पुढच्याची पाठ तिथे टेकते आणि मागच्याची जागा तिथून सुरू होते. तो उंचवटा चार इंच मागे सरकवला की उंच माणूस मागे रेलून बसू शकतो. मेकॅनिकने सीटचं कव्हर काढलं, फोम कापून पुन्हा बसवला, कव्हर खालून पिना मारून ताणलं. आजोबा गावाबाहेर शिरपामाळापर्यंत चक्कर मारून आले आणि म्हणाले, "पहिल्यांदा माणसासारखा बसलो." मेकॅनिकला मी शंभरपैकी ऐंशी दिले. वीस अक्षरासाठी कापले.

ते चार इंच अर्थातच माझ्या जागेतून गेले होते. मागे माझ्यापुरती जेमतेम वीतभर जागा उरली. मागची लोखंडी दांडी कमरेत रुतायची, आणि समोर त्यांच्या शर्टाच्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही. जव्हार ते मोखाडा मी शर्टाची शिवण बघत जायचे. ते विचारायचे, "तुला जागा पुरते ना?" मी म्हणायचे, "मला अशी किती लागते?" आणि खरंच माझी तक्रार नव्हती.

पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर कधीतरी, मला जाणवलं की दांडी आता रुतत नाही. आधी वाटलं मी बारीक झाले. मग वाटलं फोम मऊ झाला असेल. शिमग्यापर्यंत मी चांगली ऐसपैस बसायला लागले, पिशवी मांडीवर घेऊन. आणि हळूहळू त्यांच्या खांद्यावरून मला पुढचा रस्ता दिसायला लागला. पूर्वी कधी न दिसलेली वळणं, उतारावरची नाचणीची रिकामी शेतं, डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बायका. मला फार बरं वाटायचं. एकदा मोखाड्याला उतरल्यावर मी त्यांना म्हटलं, "आता तुम्हाला नीट बसता यायला लागलं. मला किती जागा झाली."

ते म्हणाले, "शिकलो एकदाचा."

मी हे वाक्य इतक्यांदा आठवलं आहे की आता त्यांचा आवाज त्यात नक्की कसा होता ते मला सांगता येत नाही.

उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की हँडल खाली आलं आहे. मी कागद काढला, टेप लावली. दोन इंच कमी भरलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, खड्ड्यांनी बसलं असेल. ते झोपले असताना मी एकटी मेकॅनिककडे गेले आणि त्याला चार लोकांसमोर बोलले. घाटातला रस्ता, पासष्टीचा माणूस, आणि तू हँडल धड आवळत नाहीस.

तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "हो बाई. क्लॅम्प सरकला असंल. माझीच चूक."

"आठवीतही तू हेच म्हणायचास."

"हो बाई."

पावसाळा सरताना दाभोसा गावी एका वासराला बघायला ते खाली वाकले आणि त्यांना उठता येईना. तिथल्या लोकांनी त्यांना जीपमध्ये आडवं घालून घरी आणलं. तिथून आम्ही नाशिकला गेलो. दवाखान्यात नर्सने त्यांना भिंतीशी उभं करून उंची लिहिली, पाच फूट दहा. मी तिला म्हटलं, चुकलं आहे, सहा फूट दोन लिहा. तिने पुन्हा मोजली. पाच फूट दहा.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. आजार हाडांमध्ये होता, मणके एकेक करून दबत चालले होते. त्यांनी विचारलं, पाठ कधीपासून दुखते? आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "वर्ष झालं असेल." डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर," आणि पुढे औषधांचं बोलू लागले. चार महिन्यांनी आजोबा गेले. तेव्हा तुम्ही आला होतात. तुमची आई सारखी विचारत होती, बाबा इतके लहान कसे दिसतात.

दोन महिन्यांनी स्कूटरचे कागद काढायला मी सीट उचलली. पेट्रोल नेहमी तेच भरायचे, त्यामुळे सीटची खालची बाजू मी आधी कधी पाहिली नव्हती. कव्हरच्या कडेला पिनांच्या भोकांच्या ओळी होत्या. दर वेळी कव्हर बसवलं की एक नवी ओळ. कंपनीची पहिली. आमच्या कामाच्या वेळची दुसरी. मी मोजल्या. सात होत्या.

मी मेकॅनिककडे गेले. मला पाहूनच त्याने स्टूल पुढे केलं. मी म्हटलं, "किती वेळा आले होते?"

"पाच वेळा, बाई. एकटेच यायचे. उंचवटा जरा पुढं घे म्हणायचे, पाठीला टेकत नाही. मंग हँडल खाली घे."

"आणि तू घेतलंस."

"मी म्हणालो, डॉक्टर, दवाखान्यात जा. तुम्ही वाकत चाललाय. ते म्हणाले, जातो, एवढा बाजार होऊन जाऊ दे. दवाखान्यात गेलो तर ही मला गाडी बंद करायला लावेल. तिला सांगू नको, ती टेप घेऊन येईल." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "सांगायला पाहिजे होतं, बाई."

हँडलची चूक त्याने माझ्या शिव्या खाऊन स्वतःवर घेतली होती, हे तेव्हा मला आठवलं. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. पस्तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. स्कूटरचं हँडल दोन इंच खाली आलेलं मला कळलं, आणि ज्याच्यासाठी ते वर घेतलं होतं तो माणूस चार इंचांनी कमी झालेला कळला नाही. त्याला मोजायचं माझ्या मनातही आलं नाही. उलट त्याच्या खांद्यावरून रस्ता दिसतो म्हणून मी खूश होते. त्यांनी लपवलं, हे खरं. पण मला जागा होत गेली, दर बाजाराला थोडी थोडी, आणि मी कारण न विचारता तिच्यावर बसत गेले.

मेकॅनिकने हळूच विचारलं, विकायची असेल तर कंपनीची होती तशी करून देऊ का, गिऱ्हाईक आहे. मी पर्समधून तो आलेखाचा जुना कागद काढून त्याला दिला. म्हटलं, ह्याच्याप्रमाणे कर.

त्याने कागद बघितला. "ह्याच्याप्रमाणे केली तर मागं कोणाला धड बसता येणार नाही, बाई."

"माहीत आहे."

तर ती विकायची नाही, एवढं आईला सांगा. दोन दिवसांनी तो स्कूटर घेऊन आला. मी पडवीत उभी होते. चढावरून तो पायी येताना दिसला, हँडल धरून गाडी ढकलत. मी विचारलं, बंद पडली का? तो म्हणाला, "चालू आहे, बाई. माझे हात पोचत नाहीत."