विमान नागऱ्यावरून गेलं

माय गेली त्याला महिना होत आला. रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल... तार कलकत्त्याला पेढीवर सकाळीच आली. मी ती वाचली आणि शेजारच्या माणसाला पंखा जरा हळू करायला सांगितलं. एवढंच आठवतं.

गोंदियाजवळ नागरा हे आमचं गाव. मायला अंतर मैलांत कळत नसे, शिदोरीत कळे. नागपूर म्हणजे एका शिदोरीचं गाव, कलकत्ता तिनांचं. मी नोकरीवर परत निघालो की गोंदियाच्या फलाटावर ती तीन पुरचुंड्या माझ्या हातात कोंबायची आणि कोणती कधी सोडायची ते डब्यातल्या परक्या माणसांसमोर मोठ्यानं बजावायची. लाजून जीव अर्धा व्हायचा. मागच्या दिवाळीला मी तिला सांगितलं, आता विमानानं कलकत्त्याहून नागपूर तीन-चार तासांत येतं. ती म्हणाली, "मंग तं भूकच नाई लागन. मायनं बांधून कायले द्याचं?" आणि खरोखरच रुसून बसली.

शेठजींनी त्याच दिवशीचं विमानाचं तिकीट काढून दिलं. आगगाडीनं दुसऱ्या दिवशीची दुपार झाली असती आणि तोवर मायला ठेवता आलं नसतं. तिचं तोंड तरी दिसावं, इतकंच डोक्यात होतं. 'विमानाने येतो, थांबा' अशी तार केली आणि निघालो. दुपारी खिडकीतून तळी दिसू लागली, एकामागे एक. हा आपलाच मुलूख, हे कळलं. घर काही ओळखू आलं नाही. विमान तसंच नागपूरकडे गेलं आणि मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो.

तिकडे खाली बाबा बैलगाडी जुंपून मला आणायला बिरसीला गेले होते. लढाईच्या काळात सरकारनं तिथं धावपट्टी केली, तेव्हा बाबांनी आपल्याच गाडीनं मुरूम वाहिला होता. गोंदियाचा माणूस आत असताना विमान बिरसीला थांबणार नाही, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते डोक्यावरून निघून गेलं तसे ते गाडी हाकत घरी परतले. अंगणात जमलेल्यांना म्हणाले, "उतरलंच नाई. पोरगं पुढं निंगून गेलं. आता उचला."

नागपूरहून उलट गाडी पकडून मी दिवेलागणीला पोचलो. धाकटा भाऊ अग्नी देऊन आला होता आणि विहिरीवर आंघोळ करत होता. मला कुणाचाच राग आला नाही. यायला हवा होता, असं लोक म्हणतात.

तेरवी झाल्यावर एका दुपारी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तू वरून गेला ना रे, तवा तुही माय आंगनातच होती. बाहीरच ठेवली होती तिले, तोंड उघडं ठेवून. दिसली का तुले?"

"दिसली," मी म्हणालो.

"हिरवं लुगडं होतं."

"हो बाबा. हिरवंच होतं."

त्यांनी मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला उठले. त्यानंतर मी बराच वेळ अंगणात बसून होतो. आता डोळे मिटले की ते लुगडं मला खरंच दिसतं, उंचावरून, अगदी लहान. तोंड मात्र दिसत नाही.