कूलरच्या खिडकीचं उत्तर टोक

दोन मास्तर आणि एक स्लाइड शो गावोगाव फिरायला लागले की किस्से साचणारच. त्यात आमचा विषय ग्रहांचं चुंबकत्व! समजावणाराच आधी गोंधळतो.

मी आणि वानखडे सर अमरावतीत फिजिक्स शिकवतो. सरांना खरी चिंता अकोल्याच्या घरची. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या आईला ऊन लागलं. डॉक्टर म्हणाले, कूलरसमोर डोकं ठेवून झोपवा. कूलरची खिडकी एकच, उत्तरेची. आणि माय उत्तरेला डोकं करायला तयार नाही; म्हणे, तिकडचं चुंबक डोकं ओढतं!

*

अचलपूरला सर म्हणाले, "मंगळाला पूर्वी मोठं चुंबकक्षेत्र होतं. ते गेलं."

पहिल्या रांगेतले आजोबा उठले. "गेलं म्हंजे? कोनं नेलं?"

"कोणी नाही हो. आतली घुसळण थांबली."

"एवढं मोठं गेलं अन् कोनी रिपोर्ट नाही लिहिली?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी पुढची स्लाइड लावली.

*

तिवशाला सरांनी सांगितलं, गुरूवर होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळेल.

आठवीतली एक पोरगी म्हणाली, "मंग सर, तिथं होकायंत्र कायले न्यायचं?"

सरांनी प्रश्न डायरीत लिहून घेतला. अजून तिथंच आहे.

*

एकदा युरेनसची स्लाइड मी चुकून उलटी लावली. त्याचं चुंबकत्व आधीच इतकं तिरपं, की सर दहा मिनिटं छान बोलले. परतताना मी कबुली दिली.

"अरे, मग मी बोललो ते बरोबर की चूक?"

खरं सांगतो, मलाही कळलेलं नाही.

*

यंदा मे महिन्यात सर मला साक्षीदार म्हणून अकोल्याला घेऊन गेले. माय घामाघूम, उशी दक्षिणेला, कूलरचा वारा सगळा पायांवर. सर काकुळतीला आले होते.

"माय, पृथ्वीचं चुंबकत्व लई कमजोर असते. फ्रिजवरचं चुंबक त्याहून जोरदार! अन् खरं सांगू? पृथ्वीच्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव उत्तरेकडंच हाय. म्हणून तं सुईचं उत्तर टोक तिकडं ओढल्या जाते!"

माय मग उठली, उशी कूलरखाली टाकली आणि आडवी झाली.

सरांचे डोळे भरून आले. "पाहिलंस? विज्ञान!"

माय डोळे मिटूनच म्हणाली, "हे आदी सांगतलं असतं तं एवढी तापली असती का मी? निंघा आता. मले दक्षिणेकडं डोकं करून झोपू द्या."

सरांनी तोंड उघडलं. कूलरकडे पाहिलं. आणि मिटलं.