धर्माचा ट्रक नॉर्वेतही तापला

भुईगावचा धर्मा दिवसभर टेम्पो चालवायचा आणि घरी आला की विरंगुळा म्हणून ट्रक चालवायचा. टेम्पो खरा, भाजीच्या जुड्यांनी भरलेला, माणिकपूरच्या बाजारात जाणारा. ट्रक कॉम्प्युटरच्या गेममधला, युरोपभर फिरणारा. "दिवसभर चालवून कंटाळत नाहीस का रे?" असं कोणी विचारलं, की तो म्हणायचा, "तिकडं कोन मधे येत नाय."

हा गेमिंग कॉम्प्युटर त्याला पुतण्याने, तुळिंजच्या प्रितेशने, एकेक भाग आणून जुळवून दिला होता. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे. धर्माची बायको यमुना त्याला 'आरास' म्हणायची. पण पहिल्याच आठवड्यात, धर्मा जर्मनीतल्या एका चढाला लागलेला असताना, आरास खटकन विझली. पुन्हा चालू केली, थोड्या वेळाने पुन्हा विझली.

प्रितेशने फोनवरून सांगत सांगत स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा आणवला. "काका, हे प्रोसेसरचं टेम्परेचर. नव्वदच्या वर गेलं की समजायचं, तापलाय."

आकडा होता सत्त्याण्णव.

'तापलाय' म्हटल्यावर धर्माला उलट हुरूपच आला. तापलेली गाडी शांत करण्यात त्याचा अर्धा जन्म गेला होता.

"लोड जास्त होतोय," त्याने यमुनेला सांगितलं. गेममध्ये लोखंडाच्या सळ्यांचं भाडं मिळत होतं, ते त्याने सोडलं आणि बिस्किटं भरली. बिस्किटांनीही कॉम्प्युटर बंद पडला. मग ट्रक रिकामाच पळवला. रिकामाही तापला. तेव्हा धर्माच्या ध्यानात आलं की दोष हवेचा असणार. त्याने ट्रक थेट नॉर्वेला नेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फच बर्फ. नुसतं बघूनच यमुनेने पदर खांद्यावर ओढून घेतला.

आकडा सत्त्याण्णव.

"एवढ्या बर्फात तापतोच कसा?"

"अवो, बर्फ टीव्हीत दिसतो. डब्याला कुठं लागतो?" यमुना म्हणाली.

हे त्याला पटलं. त्याने काच काढून टेबलफॅन समोर लावला. आकडा दोनाने उतरला. तेवढ्यावर चेकाळून तो मोरीकडे ओलं गोणपाट आणायला निघाला, तशी यमुना दारात आडवी झाली. "करंटवर पानी? घर जाळायचं हाय का?"

शेवटी त्याने घाटातल्या ड्रायव्हरचा मार्ग धरला. आकडा चढायला लागला की ट्रक बाजूला घ्यायचा, गेम थांबवायचा आणि वाट बघायची. यमुना चहा आणायची. दोघं खाटेवर बसून स्क्रीनवरचं नॉर्वेतलं थिजलेलं तळं बघत फुंकर मारून चहा प्यायची. माल कधीच वेळेवर पोचत नव्हता.

रविवारी प्रितेश आला. आधी त्याने हत्यारं नीट मांडली, मग व्याख्यान दिलं. पंखे फिरत होते, धूळ नव्हती, सेटिंग ठीक होतं. मग त्याने प्रोसेसरवर बसवलेला कूलर, तो गार ठेवणारा पंख्याचा ठोकळा, खोलून उलटा केला. आणि व्याख्यान बंद पडलं.

"काय झालं रे?"

"काही नाही काका. थोडा टेक्निकल इश्यू होता."

"मुठीत काय हाय?" यमुनेने विचारलं.

"कचरा आहे, काकी."

"मग टाक की. बघू."

मूठ उघडली. आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता आणि त्यावर इंग्रजीत ठळक छापलं होतं, 'वापरण्यापूर्वी काढा'. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये ते प्लास्टिक राहून गेलं होतं. उष्णता बाहेर पडणार कुठून?

प्रितेशचे कान लाल झाले. धर्मा त्या पापुद्र्याकडे बघत राहिला आणि एकाएकी इतका हसला, की खाट करकरली. "अरे, मी नवा टेम्पो घेतला तवा हँडब्रेक ओढून ठेवूनच माणिकपूरपर्यंत नेला. वर शोरूमवाल्याला शिव्या दिल्या, गाडीत दम नाय म्हनून. बस, चहा घे."

प्रितेशने उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर घट्ट बसवला. आकडा साठाच्या आसपास येऊन गपगार बसला. धर्माने लगेच सळ्या भरल्या आणि नॉर्वेच्या घाटातून सुसाट निघाला.

"थांबवा ना," यमुना म्हणाली.

"आता कशाला? तापत नाय."

"मला तळं बघायचं हाय."

"माल पोचवायचाय, यमुने."

"कोन वाट बघतोय तिकडं?"

धर्माने ब्रेक दाबला. त्याने ट्रक कडेला घेतला आणि चहा ठेवायला स्वतः आत गेला. कप घेऊन बाहेर येतो तो यमुना त्याच्या खुर्चीत, आणि ट्रक सळ्यांसकट तळ्यात.

"ब्रेक कुठला, ते सांगितलंच नाय तुमी," ती म्हणाली.