रम्याचा व्हॉल्व्ह

हडपसरला आमचं सेंटर आहे. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना तिथे कोऱ्या सुया देतो, म्हणजे एकमेकांच्या वापरत नाहीत. कशाला हवी, हे विचारायचं नाही, हा नियम. मी तिथली नर्स. लोकांना वाटतं, इथे दिवसभर रडारड असेल. अहो, रोज केर निघावा तसे किस्से निघतात! घरी सांगायला गेले की नवरा म्हणतो, "जेवताना नको."

*

आमचं सगळ्यात बोलकं गिऱ्हाईक म्हणजे रम्या प्लंबर. टोचायच्या आधी सुई जिभेवरून फिरवायची त्याला सवय. मी झापलं, "अरे, तोंडातले जंतू रक्तातून थेट हृदयात जातात."

तो म्हणाला, "ताई, मी दात घासून चाटतो."

*

मग टोचायची जागा पुसायला त्याला स्पिरिटचे बोळे दिले. पुढच्या खेपेला विचारलं, "पुसतोस ना?"

"रोज. एकदम चकाचक." आणि त्याने मोबाईलची स्क्रीन दाखवली.

*

एकदा आला तो कुडकुडत. ताप बरेच दिवस होता.

"व्हायरल आहे, ताई."

"कोण म्हणालं?"

"मेडिकलवाला."

"त्याने तपासलं?"

"नाही. त्यालाही ताप होता."

मी कपाळावर हात मारला आणि त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. त्याच्या आईलाही बोलावून घेतलं.

*

डॉक्टर अस्सल पुणेरी, शब्द मोजून बोलणारे. "हृदयात इन्फेक्शन आहे. व्हॉल्व्ह गळतोय."

आई म्हणाली, "अवं, ह्याच्या कामाचं ऱ्हाऊ द्या. ह्याला काय झालंय ते सांगा."

रम्याला मात्र बरोबर कळलं. "वायसर बदलून भागेल का?"

"नाही. अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा."

"मग मेन कॉक बंद करावा लागेल."

"करतो ना. नंतर चालूही करतो. बहुतेक वेळा."



*

ऑपरेशन झालं, मेन कॉक चालू झाला. अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्सही पार पडला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "परत सुई घेतलीस तर हा व्हॉल्व्हही जाईल. मग माझ्याकडे येऊ नकोस, उपयोग नाही." आई रडली. खरं सांगते, मीही रडले.

*

त्यानंतर रम्या बरेच दिवस दिसला नाही. मग एका दुपारी दारात उभा. वाळलेला, शर्टाची कॉलर मुठीत धरलेली. काउंटरशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, एक सुई द्या."

कोपऱ्यात कॅरम खेळत बसलेली बाकीची गिऱ्हाइकं थांबली. नाही म्हणावं, तर कुणाची तरी वापरलेली घेईल. द्यावी, तर माझ्याच हाताने. शेवटी नियम तो नियम. काही न विचारता मी कोरं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही नाही हो, ताई. बटण लावायचंय. छातीवरचे टाके दिसतात, लोक बघत बसतात. दोरा पण द्या, पांढरा."